आत्मकेंद्री बाप, पंधरा वर्षांची भाची: आत्यानं करावं काय? (शीर्षक बदललं आहे)

गवती_चहा
इथं गेली सात-आठ वर्षं वाचनमात्र आहे. लिहिलं असेल ते पाककृतींच्या धाग्यांवर. असा विषय पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४८. नोकरी पक्की, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, कुणावर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. पण दादा म्हणजे नाटक. राज्य नाट्य स्पर्धा, एकपात्री, सूत्रसंचालन, सत्काराला चार शब्द बोलायला कुणी मिळालं नाही की दादा. हौशी मंडळींत त्याला मान आहे आणि तो त्यानं कष्टानं मिळवलाय, हे आधीच सांगते. भाजी आणायला गेला की तासाभरानं येतो, कारण वाटेत चार जण थांबवतात. भाजी विसरतो. वहिनी बँकेत. साडेनऊला जाते, सातला येते आणि खांद्यावरची पर्स न काढताच कुकर लावते. एकुलती एक मुलगी यंदा दहावीला. तिला इथं चिऊ म्हणू. गाव सांगत नाही, पश्चिम महाराष्ट्र एवढं पुरे.

भाऊबीजेला गेले होते. रात्री पानं वाढली, वहिनीनं बासुंदी केली होती. चिऊ म्हणाली, "आत्या, आमच्या शाळेत ना परवा..." तेवढ्यात दादा, "शाळेवरून आठवलं!" मग १९९३ च्या गॅदरिंगमध्ये तलवार म्यानातच अडकली आणि त्यानं ती वेळ कशी मारून नेली, तो किस्सा. मी तो किमान तीसदा ऐकलाय. या वेळी मी चिऊकडं बघत होते. ती हसली, बरोबर जिथं हसायचं असतं तिथं. नाही, चुकले. त्याच्या अर्धा सेकंद आधी. दादाचं वाक्य अजून पडायचं होतं आणि हिचे दात दिसले. मग वाटीत बोट फिरवून तिनं बासुंदी संपवली आणि ताट उचलून गेली. दादा मला म्हणाला, "बघितलंस? तिला हा किस्सा फार आवडतो."

नंतर गच्चीवर पणत्या गोळा करताना मी विचारलं, "मघाशी काय सांगत होतीस गं?"
"काही नाही. विशेष नव्हतं."
मी सोडलं नाही. तेव्हा म्हणाली, "आत्या, सांगायला लागलं की ते बाबांचं होतं. मग मला परत मिळत नाही."

पुढं काय बोलावं ते मला सुचलं नाही.

बाकीचं मग दोन दिवसांत दिसत गेलं. दर रविवारी सकाळी दादाचं रील ती शूट करते. सहा-सहा, सात-सात टेक. "लाइक्स किती झाले बघ गं" हे दिवसातून दहादा. स्कूटरच्या स्टँडच्या आवाजावरून तिला कळतं की आज तालीम रंगली की फिसकटली. आवाज आला की ती आधी वही मिटते आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसते. तिची एकुलती मैत्रीण जूनमध्ये वडिलांच्या बदलीमुळं शाळा सोडून गेली, हेही मला वहिनीकडून कळलं, तिच्याकडून नाही.

स्वमग्न बाप बदलेल असं मला वाटत नाही. मला विचारायचंय ते मुलीबद्दल. आत्यानं किती मध्ये पडावं?

झाडाखालचा
वाचतोय. प्रत्येक घरात एक तलवारीचा किस्सा असतो. आमच्याकडं काकांचा, मिरज स्टेशनवर चुकलेल्या गाडीचा. ती गाडी दर दिवाळीला चुकते.

आबा_बोलतात
उगाच राईचा पर्वत करताय. आमचे वडील महिन्यातून एकदा बोलायचे, तेही प्रगतिपुस्तकावर सही करताना. आम्ही काय वाया गेलो? हा बाप घरी तरी असतो, बोलतो, हसतो. एकुलत्या मुलांना हल्ली सगळं लक्ष आपल्याकडंच हवं असतं.

तिठा
धाग्याचा विषय महत्त्वाचा आहे, पण शीर्षकाबद्दल बोलायचंय. 'स्वमग्न' हा शब्द मराठीत ऑटिझमसाठी रूढ आहे. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. तो आपल्याच जगात असतो हे खरं, पण त्याला माझ्या टाळ्या नको असतात. माझ्याकडून त्याला पाणी, पंखा आणि ठरलेल्या वेळी ठरलेला डबा हवा असतो. तुमच्या भावाचं बरोबर उलट आहे. तो क्षणभरही स्वतःच्या जगात एकटा राहू शकत नाही, त्याला सतत समोर कुणीतरी लागतं. कृपया शब्द बदला. आत्मकेंद्री म्हणा, आत्मरत म्हणा, काहीही म्हणा.

गवती_चहा
@तिठा, मनापासून माफ करा. शब्द सहज आला, विचार केला नाही. संपादकांना शीर्षक बदलायला सांगितलंय. मजकुरातला शब्द तसाच ठेवते, नाहीतर तुमच्या प्रतिसादाचा संदर्भ लागणार नाही. आणि "क्षणभरही एकटा राहू शकत नाही" हे तुम्ही दादाला न बघता कसं लिहिलंत?

@आबा, तुमचे वडील बोलायचे नाहीत, पण मग तुम्ही आपापसात बोलत असाल. पाच-सहा भावंडं, वाड्यात पंधरा पोरं. या घरात तीन माणसं आहेत.

चकवा
पश्चिम महाराष्ट्र आणि नाटकवेडं गाव? म्हणजे सांगलीच! १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हापासून तिथं प्रत्येक गल्लीत एक नटसम्राट असतो. (हलकं घ्या.)

विषयावर यायचं तर, नार्सिससची गोष्ट सगळे सांगतात. तळ्यात स्वतःचं रूप बघून तिथंच खिळला तो. पण त्याच गोष्टीत एको नावाची एक मुलगी आहे, ती कुणाला आठवत नाही. तिला शाप असा की आपणहून एक शब्दही बोलता येऊ नये. दुसऱ्यानं बोललेल्या वाक्याची शेपटी तेवढी परत म्हणायची. शेवटी ती झिजत झिजत नुसता आवाज उरते. 'अर्धा सेकंद आधी हसली' वाचलं आणि तीच आठवली.

गवती_चहा
@चकवा, गाव सांगत नाही म्हटलं होतं ना? आता गप्प बसा :)
एकोची गोष्ट खरंच माहीत नव्हती.

मनोमनी
मी समुपदेशक आहे, शाळकरी मुलांबरोबर अठरा वर्षं काम करतेय. तीन-चार गोष्टी, जरा लांबेल.

आधी शब्दाचं. कुणीतरी 'नार्सिसिस्ट' लिहिणारच आहे, म्हणून आधीच सांगते. तो निदानाचा शब्द आहे. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा व्यक्तिमत्त्व विकार पहिल्यांदा आला. आज त्याचे नऊ निकष आहेत, त्यातले किमान पाच लागतात, आणि तेही तरुणपणापासून सगळीकडं, घरीदारी, दिसावे लागतात. धाग्यावरच्या वर्णनावरून ते ठरवता येत नाही, ठरवूही नये. आणि खरं सांगू, मुलीच्या दृष्टीनं ते ठरवून काही साधतही नाही. बापाला नाव मिळेल. चिऊला काय मिळेल?

दुसरं, स्कूटरच्या स्टँडचं. डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. १९६७ च्या एका निबंधात त्यांनी म्हटलंय की बाळ आईच्या चेहऱ्याकडं बघतं तेव्हा तिथं त्याला सहसा स्वतःच दिसतं. आई त्याच्याकडं बघत असते आणि जे बघते ते तिच्या चेहऱ्यावर उमटतं. पण आई स्वतःतच गुंतलेली असेल तर बाळाला दिसतो फक्त आईचा चेहरा. मग ते त्याचा अभ्यास करायला लागतं. आपण आभाळाकडं बघून पावसाचा अंदाज घेतो ना, तसा. हे आईलाच लागू आहे असं नाही. तुमची भाची पंधरा वर्षं आभाळ बघतेय. हवामान खात्यात तिला थेट नोकरी मिळेल, पण तिच्या स्वतःच्या मनात आज ऊन आहे की पाऊस, हे तिला सांगता येईल का, याची मला शंका आहे.

तिसरं, आबांना. माणूस घरात असणं आणि त्यानं आपल्याला बघणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न बोलणाऱ्या बापाचं मूल निदान स्वतःशी म्हणू शकतं, 'हे कुणाशीच बोलत नाहीत.' बोलक्या, लोकप्रिय बापाच्या मुलाला तीही सोय नाही. सगळं गाव म्हणतं, 'भाग्यवान आहेस, असे बाबा मिळाले!' मग एकटं वाटलं तर चूक आपलीच असणार, असं ते मूल धरून चालतं. माझ्याकडं आलेल्या मुलांपैकी सर्वांत उशिरा तोंड उघडतात ती ही मुलं. त्यांच्याकडं तक्रार करण्यासारखं काही नसतं.

कातळशिल्प
रात्री दीड वाजता लिहितोय. झोप येत नाहीये, या धाग्यामुळंच.

माझ्याकडं आई होती. नाटकबिटक काही नाही, साधी गृहिणी, कोकणातलं तालुक्याचं गाव. पण घराचा मध्य म्हणजे तिचं दुखणं. खोटं नव्हतं ते. अर्धशिशी होती, पित्त होतं, आणि 'माझं मेलीचं कुणी नाही' होतं. बाबा मुंबईला, गणपती आणि होळीला यायचे. त्यामुळं तिचं कुणीतरी असणं हे माझं काम.

नववीत असताना आंब्यावरून पडलो, डावा हात मोडला. घरी आलो, आईनं हात बघितला आणि तिला भोवळ आली. शेजारचे आले, रिक्षा आली. आधी आईला डॉक्टरकडं नेलं, मी पुढं ड्रायव्हरशेजारी, हात मांडीवर घेऊन. तिला सलाईन लावलं. मी बाहेर बाकावर बसून होतो. एका नर्सनं जाता जाता विचारलं, 'तू कुणाबरोबर आलायस?' मी म्हटलं, 'आईला बरं नाहीये.' तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं तेव्हा साडेसात वाजले होते. पडलो होतो चारला.

वाईट याचं वाटतं की मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच वाटत होतं की मी आईला घेऊन आलोय.

आज एकोणचाळीसचा आहे. हॉटेलात बायको विचारते तुला काय हवंय, मी म्हणतो 'तू काय घेतेयस?' ऑफिसात सगळ्यांना आवडतो, कारण कुणाचं काय बिनसलंय ते मला त्यांच्या आधी कळतं. 'चालेल' हा माझा तकियाकलाम आहे. मुलगी झाली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ती रडली की मला राग येतो. तिचा नाही. एवढं मोकळं रडता येतं याचा. त्यानंतर दोन वर्षं समुपदेशकाकडं जात होतो.

@गवती_चहा, आमच्याकडं तुमच्यासारखी आत्या नव्हती. एक पोस्टमन होता. सायकल थांबवून विचारायचा, 'काय रे, आज काय पकडलंस?' मी खेकडे पकडायचो. आईचं पत्र असो-नसो, तो विचारायचा. त्याचं नाव मला माहीत नाही.

मनोमनी
@कातळशिल्प, लिहिलंत, बरं केलंत. मूलच आईबापाचं आईबाप होऊन बसतं, त्याला कुटुंबोपचारात पॅरेंटिफिकेशन म्हणतात. आणि तुमच्यामुळं आणखी एक मुद्दा स्पष्ट झाला. आत्मकेंद्रीपणा नेहमी मिरवणाराच असतो असं नाही. कण्हणाराही असतो. मुलाच्या वाट्याला दोन्हीकडं खुर्ची तीच येते, प्रेक्षकाची.

गिरणगावकर
सगळे बापावर आणि मुलीवर बोलताहेत. वहिनी कुठं आहेत? आईला दिसत नाही का हे?

पाटवड्या
@गिरणगावकर, आलं का फिरून आईवर? बाई नोकरी करते, स्वयंपाक करते, नवऱ्याच्या तालमीच्या लोकांना चहा करते (करत असणारच, लिहून देते) आणि वर मुलीचं मनही तिनंच वाचायचं. बाप 'मनस्वी कलाकार' आणि आई 'दुर्लक्ष करते'. वा!

गवती_चहा
चहाचं खरं आहे. दहा-बारा कप, रात्री साडेनऊला.

वहिनीशी काल फोनवर बोलले. म्हटलं राग येईल, पण आला नाही. म्हणाली, "अगं, मला कळत नाही असं नाही. पण दिवसभर काउंटरवर लोकांचं ऐकून येते, घरी आल्यावर ह्यांचं. रात्री चिऊ जवळ येते तेव्हा माझे कान संपलेले असतात. ती बोलत नाही याचं मला बरंच वाटतं, हे तुला म्हणून सांगते." मग जरा वेळानं म्हणाली, "लग्नाआधी मी पेटी वाजवायचे. तुझ्या दादाला माहीत आहे की नाही, कोण जाणे."

मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं झाली त्यांच्या लग्नाला.

रोखठोक_राणे
सरळ भावाला समोर बसवा आणि सांगा. बहीण आहात, हक्क आहे. गोड गोड बोलून असली माणसं सुधारत नसतात.

पाटवड्या
आणि मग दादा दुखावणार, 'माझ्याच घरात माझ्याविरुद्ध कट' म्हणणार, आणि त्याचा हिशेब चिऊकडून वसूल होणार. 'आत्याला काय सांगितलंस तू?' आत्या पुण्यात सुखरूप. पोरगी तिथंच.

गवती_चहा
@रोखठोक_राणे, एकदा केलंय, पाच वर्षांपूर्वी, वेगळ्या कारणावरून. त्यानं शांतपणे ऐकलं, डोळ्यांत पाणी आणलं, मला जवळ घेतलं. महिन्याभरानं तो प्रसंग त्याच्या एकपात्रीत होता. टाळ्या मिळाल्या म्हणे.

झाडाखालचा
हे वाचून हसावं की रडावं कळेना.

उन्हाळी_पाऊस
कबुलीजबाब देतो. हा दादा मी आहे. नाटकाच्या जागी धावणं घाला. वय ४४, चार फुल मॅरेथॉन झाल्या. पहाटे साडेचारला उठतो, रविवारी ३० किलोमीटर, मग नाश्ता, मग फोटो, मग झोप. घरात बोलणं म्हणजे माझा पेस, माझा गुडघा, माझा आहार. मुलगा सोळाचा. काल हा धागा वाचल्यावर स्वतःची परीक्षा घेतली. त्याच्या बाकावर शेजारी कोण बसतं? माहीत नाही. तो क्लासला कुठल्या बसनं जातो? माहीत नाही. त्याच्या चपलेचा नंबर? अंदाजे सांगितला, चुकला. मी रात्रभर तळमळलो. आयुष्यात एवढा अंतर्मुख कधी झालो नव्हतो. कदाचित ही माझ्या आयुष्यातली सर्वांत कठीण शर्यत असेल. मी ठरवलंय की यावर एक लेखमाला...

मनोमनी
@उन्हाळी_पाऊस, धाडस केलंत, खरंच. पण बघा हं, दहाव्या ओळीपर्यंत ही गोष्टही तुमचीच झाली. मुलाच्या चपलेचा नंबर मात्र अजून कळला नाही :)

उन्हाळी_पाऊस
पकडलंत! लेखमाला रद्द. नऊ नंबर. आत्ता जाऊन विचारून आलो. त्यानं 'का?' विचारलं, मी 'सहज' म्हटलं, तो संशयानं बघत बसलाय.

आबा_बोलतात
कातळशिल्प यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण एक कबूल करतो. आम्ही सहा भावंडं होतो आणि मागच्या अंगणात रोज रात्री आमची संसद भरायची. वडील त्यात नव्हते, हे खरं. पण संसद होती.

गवती_चहा
@मनोमनी, एक विचारू? चिऊला मी पुण्यात एखाद्या समुपदेशकाकडं नेऊ शकते का, दादाला न सांगता? नाताळच्या सुट्टीत ती येईल बहुतेक.

मनोमनी
गप्पा मारायला, ओळख करून घ्यायला एकदा नेलंत तर आभाळ कोसळणार नाही, पण चोरून नको. निदान वहिनींना सांगून न्या. एक तर उपचाराचा प्रश्न आला की १८ वर्षांखाली पालकांना वगळता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही अल्पवयीनांचे नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून पालकच धरलेत. दुसरं जास्त महत्त्वाचं. जिचं सगळं कुणी ना कुणी काढून घेतं, तिच्या नकळत तिच्यासाठी काही ठरवणं म्हणजे तेच पुन्हा. तिला विचारा. 'नाही' म्हणाली तर ते ऐका. 'नाही' म्हटलेलं कुणी ऐकलं, हाच तिला कदाचित नवा अनुभव असेल.

१४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर तिच्या हाताशी असू द्या. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलाय, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीचा १०९८ आहेच. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करतेय, तिकडं कुणी ओळखीचं असेल तर वहिनींनाही बोलता येईल. मला त्यांचीही काळजी वाटते.

आणि एवढं बघा. झोप, जेवण, वहीमागची चित्रं (असतातच), मार्क नव्हे. आवडती गोष्ट एकाएकी सोडली, सारखी खोलीत, किंवा 'मी नसले तरी काय फरक पडतो' असं चेष्टेतही म्हणाली, तर नाताळची वाट बघू नका. त्याच दिवशी वहिनींशी बोला, तिच्याशी थेट बोला. विचारल्यानं मुलं काही भलतं करत नाहीत, उलट हलकी होतात.

तिठा
माझ्या मुलाकडून शिकलेली एक युक्ती देते, चालते का बघा. समोरासमोर बसून विचारलं की तो मिटतो. दोघं मिळून काहीतरी करत असलो, मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, की त्याच्याकडून काहीतरी येतं. डोळ्यांत न बघता. मला वाटतं, ज्या मुलीनं आयुष्यभर दुसऱ्याचा चेहरा वाचलाय, तिला थोडा वेळ कुणाचाच चेहरा नसला तर बरं वाटेल. व्हिडिओ कॉल नको, साधा फोन करा.

गवती_चहा
हे भारी आहे. करून बघते.

(पाच आठवड्यांनी)

गवती_चहा
धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून.

दर बुधवारी साडेचारला फोन. चिऊ शाळेतून येऊन क्लासला जायच्या आधीचा अर्धा तास, दादा ऑफिसात. साधा फोन, स्पीकरवर. मी लसूण सोलते, ती तिकडं भूगोलाचे नकाशे रंगवते. स्वतःलाच दोन नियम घालून घेतलेत. दादाचा विषय मी काढायचा नाही, आणि तिनं काही सांगितलं की 'अगं, मला पण असंच...' म्हणायचं नाही. दुसरा नियम पाळणं किती कठीण आहे ते करून बघा. पहिल्या दिवशी मी चारदा जीभ चावली. शेवटी दादा आणि मी एकाच आईची मुलं.

पहिला फोन : अकरा मिनिटं, त्यातली सात गप्प. मी विचारलं 'डब्यात काय होतं?' तर 'पोळीभाजी'. कसली? 'भाजी'. दुसरा तसाच. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, "आत्या, तू आहेस ना?" म्हटलं आहे. "मग बोलत का नाहीस?" म्हटलं, लसूण सोलतेय. "बरं," म्हणाली आणि पुन्हा नकाशा. पण 'बरं' वेगळं होतं.

चौथ्या बुधवारी आपणहून म्हणाली, "त्या दिवशी मी काय सांगत होते माहितीये?" आणि मग सांगितलं. मैत्रीण गेल्यापासून ती मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या पायरीवर डबा खाते. ऑक्टोबरमध्ये ग्रंथपाल बाईंनी तिला आत बोलावलं. नवी पुस्तकं आली होती, त्यांच्यावर शाळेचा शिक्का मारायला दिला. पहिल्या पानावर, मधल्या एका ठरलेल्या पानावर आणि शेवटच्या. शाईचं पॅड सुकलेलं, तर बाईंनी त्यात दोन थेंब पाणी टाकलं. दोनशे चौदा पुस्तकं झाली. 'शिक्का तिरका आला की बाई काही म्हणत नाहीत,' म्हणाली. 'नुसतं म्हणतात, हा जरा नाचरा आलाय.'

बस, एवढंच. हे ती भाऊबीजेच्या रात्री सांगणार होती.

दादाचं विचाराल तर, परवा त्याचा फोन आला. "चिऊ बुधवारी कुणाशी बोलत असते गं एवढं? परवा लवकर आलो तर मला बघून आत गेली फोन घेऊन." म्हटलं, माझ्याशी. तो क्षणभर थांबला. खरंच थांबला, मी ऐकलं. मग म्हणाला, "चांगलंय, चांगलंय. बरं ऐक, स्पर्धेचा निकाल लागला, मला अभिनयाचं प्रमाणपत्र..." मी ऐकलं. अभिनंदनही केलं. भूमिका चांगलीच झाली असणार.

वहिनीनं माळ्यावरून पेटी काढलीय. भाता फाटलाय, दुरुस्तीला टाकलीय. आणि नाताळला चिऊ येतेय. समुपदेशकाचं विचारलं, 'बघू' म्हणाली. मी 'बघू'वर थांबले.

कातळशिल्प
'नाचरा आलाय.' त्या बाईंना नमस्कार सांगा.

उन्हाळी_पाऊस
मुलगा रोज ३२ नंबरच्या बसनं जातो. एवढंच लिहायला आलो होतो.

पाटवड्या
पेटी वाजली की कळवा.

झाडाखालचा
अवांतर : लसूण सोलायच्या आधी पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात टाका. सालं आपोआप सुटतात, दोन मिनिटांत काम होतं.

गवती_चहा
नको हो. इतक्या लवकर संपला तर मी पुढं काय सोलू?